बंद पडलेल्या स्विमिंग पूलचं कासवांसाठी तळं करायचं आहे (बेसा, नागपूर)

बेसा_बंगला

नमस्कार मंडळी,

घरामागचा पूल चार वर्षांपासून पडून आहे. त्यात कासवांसाठी तळं करायचा विचार आहे.

माप ८ मीटर × ४ मीटर. उथळ बाजूला पाणी ३ फूट, तिथून सरळ उतार आणि खोल बाजूला साडेपाच फूट. पाण्याच्या वर काठ अर्धा फूट. काँक्रीटचा आहे, आतून टाईल, त्यातल्या दहा-बारा फुटल्या आहेत. पायऱ्या नाहीत, स्टीलच्या दोन शिड्या आहेत. १ एचपीचा पंप, सँड फिल्टर, तळाशी मेन ड्रेन, एक स्किमर (पाण्यावरचा कचरा ओढणारं भिंतीतलं तोंड). पूल चालू होता तेव्हा टीसीसीएच्या (क्लोरीन सोडणाऱ्या) गोळ्या पडायच्या, शेवाळासाठी दोनदा मोरचूदही टाकलं होतं. सध्या पाणी गडद हिरवं. जमीन काळी, पाचेक फुटांखाली मुरूम लागतो.

कासवं तीन, रेड इअर्ड स्लायडर. दोन माद्या १० इंचांच्या, एक नर ७ इंचांचा. गच्चीवर ५०० लिटरच्या टाकीत आहेत आणि मे महिन्यात त्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. येत्या उन्हाळ्याआधी त्यांना खाली आणायचंच आहे. पाणी नळाचं आहे, बोअरही आहे (टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ९००). घरात ६ वर्षांचं मूल आहे.

पूल आत्ताच, ऑक्टोबरमध्ये, रिकामा करू का? जुना पंप आणि फिल्टर चालेल का? खोली कमी करावी लागेल का? आणि आधी कशापासून सुरुवात करू?

हिंगणा_रोड

ताई, सोपा उपाय सांगतो. खोल बाजूला मुरूम भरून सगळीकडे अडीच फूट पाणी ठेवा. पाणी कमी लागेल, मुलाची काळजी कमी, कासवंही दिसत राहतील.

गिट्टी_मुरूम

मुरूम नको जी. मुरमाचा गाळ पाण्यात कायम उठत राहतो, कासवं तो उकरतात आणि पाणी वर्षभर चहासारखं राहतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही खोलीच तुमच्या कामाची आहे. नागपूरचा मे ४५ अंशांचा. अडीच फूट पाणी दुपारी वरपासून खालपर्यंत तापतं. पाच फुटांत वरचा थर तापला तरी तळ बराच थंड राहतो आणि कासव आपणहून खाली जाऊन बसतं. गच्चीवरच्या टाकीत नेमकी हीच सोय नाही. स्लायडर उत्तम पोहतं, खोलीची त्याला भीती नाही. भीती आहे ती बाहेर येण्याची वाट नसण्याची. त्यावर खाली लिहितो. मुलासाठी खोली कमी करणं हा उपाय नव्हेच, अडीच फुटांतही मूल बुडतं. त्यासाठी चार फुटी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक लावा. शिड्या काढून टाका.

रिकामा कधी करायचा. आत्ता नाही. पावसाळा नुकताच सरला आहे, काळी माती पाणी धरून फुगलेली आहे. भरलेल्या पूलच्या पाण्याचं वजन बाहेरच्या दाबाला तोलून धरतं. पूल रिकामा झाला की खालून येणारं पाणी तळ उचलतं. फायबरचा पूल अख्खा वर येतो, काँक्रीटच्या तळाला तडा जातो. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबा. मग पूलपासून चार-पाच फुटांवर ऑगरने (माती पोखरायच्या गिरमिटाने) ७ फूट खोल भोक पाडा आणि २४ तासांनी आत पाणी साचलंय का पाहा. पूलच्या तळापेक्षा वर पाणी असेल तर आणखी थांबा. कोरडं असेल तर उपसायला घ्या.

उलट बाजूही आहे. काळी माती वाळली की आकसते आणि भिंतीपासून सुटते. रिकामा पूल उन्हाळ्यापर्यंत तसाच राहिला तर भिंतीला मागून आधार राहत नाही. एकदा उपसला की तीन-चार आठवड्यांत काम संपवून पाणी भरायचं. म्हणजे साहित्य आणि मिस्त्री आधी ठरवा, पंप नंतर लावा.

गळती आधी बघा, पाणी आहे तोवरच. एक बादली पूलच्या पाण्याने भरून ती विटांवर अशी ठेवा की बादलीतलं आणि पूलमधलं पाणी एका पातळीत येईल. दोन्हीकडे खूण करा. २४ तासांनी दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ते उडून गेलं. पूलचं जास्त उतरलं तर गळती आहे. गळती मोठी असेल तर टाईल फोडत बसू नका, शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद जिओटेक्स्टाईलवर (जाड कृत्रिम कापडावर) अंथरा. पण तशी वेळ आली तर खाली सांगितलेली भिंत कागदाच्या वर बांधता येत नाही, हे लक्षात ठेवून आधी विचारा.

जुनं पाणी सगळं काढायचं. चार वर्षांत क्लोरीन उडून गेलं असेल, पण टीसीसीएमधून आलेलं सायन्युरिक ॲसिड उडत नाही आणि मोरचुदातलं तांबंही जात नाही. हे पाणी नाल्यात किंवा पावसाच्या गटारीत सोडू नका, तांब्याने मासे आणि बेडकांची पिल्लं मरतात. सांडपाण्याच्या लाईनमध्ये थोडं थोडं सोडा. भाजीपाल्यालाही नको.

मग प्रेशर वॉशरने टाईल आणि सांधे धुवा, कुंच्याने घासा, तळाचं पाणी उपसा, पुन्हा धुवा. ॲसिड फक्त पांढरे चट्टे बसलेत तिथे, पातळ करून, आणि नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने मारून. सगळ्या पूलला ॲसिड मारलं तर सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं. फुटलेल्या टाईलच्या कडा बोट फिरवून तपासा. बोटाला लागते ती कड कासवाच्या पोटाकडच्या कवचाला रोज घासणार, आणि त्या ओरखड्यातूनच कवच कुजायला सुरुवात होते. टाईल बदला किंवा इपॉक्सी ग्राउटने कड गोल करा.

बांधकाम एकच: उथळ टोकाला आडवी भिंत. टोकापासून १.२ मीटरवर, पूलच्या पूर्ण ४ मीटर रुंदीत, ९ इंची विटांची, १:४ मसाला, वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून. भिंतीचा माथा तळ्याच्या ठरवलेल्या पाण्यापेक्षा ७ सेंटीमीटर वर. मध्यभागी माथ्यात दोन फूट लांब आणि ३ सेंटीमीटर खोल खाच ठेवा, पाणी तिथूनच सांडेल. भिंतीमागच्या कप्प्यात गिट्टीचं फिल्टर होईल, ते पाणथळ सांगतील.

यात तीन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे भिंत टाईलवरच उभी करतात. टाईलला मसाला धरत नाही. तळावर आणि दोन्ही बाजूंना फूटभर रुंदीच्या टाईल काढून खालचं काँक्रीट खरवडा. दुसरी, पकड हवी म्हणून तळात सळ्या ठोकतात. पूलच्या तळाला भोक पाडणं म्हणजे गळती ओढवून घेणं. सळी नको, त्याऐवजी भिंतीच्या मध्यावर तळ्याच्या बाजूला दीड फुटाचा विटांचा खांब जोडून घ्या, भिंत हलणार नाही. तिसरी, नवीन सिमेंट. त्यातला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच १० च्या वर जातो. दहा दिवस क्युरिंग, वाळल्यावर पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणाऱ्या इपॉक्सीचे दोन हात. नाहीतर ३५-४० हजार लिटर पाणी दोन-तीनदा भरून फेकावं लागतं.

बाहेर यायची वाट. टाईलच्या उभ्या भिंतीला नखं लागत नाहीत. कडेकडेने पोहून दमलेलं कासव बुडतं, पाण्यातलं प्राणी असलं तरी. त्या मधल्या खांबापासून बाजूच्या काठापर्यंत काळ्या दगडाचा उतार बांधा. २५ अंशांहून उभा नको, दोन फूट रुंद. खालचं टोक पाण्याच्या पातळीखाली किमान एक फूट, कारण मे महिन्यात पातळी उतरते आणि उतार हवेत लटकला की त्याचा उपयोग संपला.  वर गुळगुळीत कोटा लादी लावू नका. दगड खडबडीतच राहू द्या, पण धार नको.

पाणथळ

गिट्टी_मुरूम यांनी पाया सांगितला, आता पाणी स्वच्छ कसं राहील ते.

तुमचं सँड फिल्टर या कामाला नाही. ते पोहणाऱ्या माणसांच्या पाण्यासाठी असतं, ज्यात क्लोरीन असतं आणि घाण बारीक असते. कासवाची विष्ठा आणि उरलेलं खाणं वाळूत चिकटून गोळे होतात, दर दोन-तीन दिवसांनी बॅकवॉश (उलटं पाणी सोडून वाळू धुणं) लागतो आणि प्रत्येक बॅकवॉशला शेकडो लिटर पाणी जातं. पंपाचंही तेच. १ एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट, चोवीस तास चालवला तर रोज १८ युनिट. त्याऐवजी १०० वॅटचा, ताशी १२,००० लिटरच्या आसपासचा तळ्याचा सबमर्सिबल पंप घ्या, रोज अडीच युनिटांच्या आत. मेन ड्रेन आणि जुन्या पाईपांची तोंडं इपॉक्सीने कायमची बंद करा. स्किमरचंही तोंड बंद करा. कासव त्यात डोकं घालून शिरतं आणि मागे फिरता येत नाही म्हणून अडकून मरतं.

भिंतीमागचा कप्पा १.२ × ४ मीटर, म्हणजे ४.८ चौरस मीटर. उरलेल्या तळ्याचं क्षेत्र २७ चौरस मीटर, पाणी ३६,००० लिटर. म्हणजे फिल्टर तळ्याच्या साधारण १८ टक्के, तीन कासवांना भरपूर. रचना खालून वर अशी:

तळाशी संत्र्यांची प्लास्टिकची कॅरेटं, जाड बुडाची, उलटी, दोन थर, एकमेकांना खेटून. दोन थरांची उंची ६० सेंटीमीटर धरली आहे. साधारण पन्नास लागतील, पण आधी एक मोजून घ्या, आकार वेगवेगळे येतात. कॅरेटांवर प्लास्टिकची जाड जाळी. तिच्यावर ४० मिमी गिट्टी १० ते २० सेंटीमीटर (तळाला उतार आहे, तो याच थरात सामावून घ्या), मग २० मिमी १० सेंटीमीटर, वर १०-१२ मिमी २० सेंटीमीटर. एकूण पाऊण ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). गिट्टी ट्रॉलीतून उतरली की लगेच आत टाकू नका. ती आधी बाहेर पसरून पाईपने इतकी धुवा की खालून नितळ पाणी निघेल. दगडाची भुकटी आत गेली तर महिनाभर पाणी पांढुरकं राहतं.

पंप खोल टोकाला ठेवा आणि २ इंची पाईपने पाणी कॅरेटांच्या पोकळीत सोडा. पंप पाच फूट खाली आहे म्हणून हेड (पंपाला पाणी चढवावं लागतं ती उंची) पाच फूट धरायचं नसतं. पाण्यात बुडालेल्या पंपाला फक्त पाण्याच्या पृष्ठभागावरची उंची आणि पाईपमधलं घर्षण मोजावं लागतं, इथे ते जेमतेम एक-दीड मीटर. प्रत्यक्षात ताशी १०,००० लिटर मिळाले तर सगळं पाणी चार तासांच्या आत एकदा फिरतं.

यातली खरी करामत त्या पोकळीत आहे. अडीच-तीन हजार लिटरच्या जागेत पाणी आलं की त्याचा वेग एकदम मरतो, जड घाण तिथेच खाली बसते आणि तुलनेने साफ पाणी गिट्टीतून हळूहळू वर चढतं, तासाला दोन मीटर. गिट्टीवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट झाडं खातात. म्हणूनच पाणी खालून वर न्यायचं. वरून खाली सोडलं तर पहिल्या दोन इंचांतच चिखल बसून फिल्टर तुंबतं. बसलेली घाण काढायला कोपऱ्यात ४ इंची पाईप तळापर्यंत उभा ठेवा, वरून टोपण. दर दोन-तीन महिन्यांनी त्यात नळी घालून शेदोनशे लिटर काळं पाणी ओढा आणि झाडांना द्या. ते उत्तम खत आहे. हा पाईप नंतर बसवता येत नाही. तो विसरला तर तीन वर्षांनी सगळी गिट्टी उपसावी लागते.

गिट्टीचा माथा सांडव्याच्या खाचेपेक्षा चार-पाच सेंटीमीटर वर ठेवा. फिल्टरवर उघडं पाणी दिसलं नाही की तिथे डास अंडी घालत नाहीत. तळ्यात गप्पी मासे सोडा, पन्नासेक. कासवं काही खातील, पण गप्पी वाढतातही तितक्याच वेगाने. त्यांना लपायला एक-दोन सिमेंटच्या जाळीविटा पुरतात, त्या आधी आठवडाभर पाण्यात भिजवून घ्या.

झाडं: कर्दळ सगळ्यात आधी, ती नायट्रेट अधाशासारखं ओढते आणि नागपूरच्या उन्हाला दबत नाही. सोबत वेखंड आणि छत्री गवत. मुळांची माती पूर्ण धुऊन थेट गिट्टीत लावायची. पाणकणीस नको, त्याची मुळं दोन वर्षांत सगळा कप्पा व्यापतात. काठावर कण्हेर, डिफेनबेकिया, घाणेरी असेल तर काढा, पानं पाण्यात पडली तरी विषारीच. तळ्यात जे काही लावाल ते कासवं खाणार. जलपर्णी टाकायचा मोह होईल, ती त्यांना आवडतेही, पण जास्त झालेली एक मूठसुद्धा नाल्यात जाता कामा नये. अंबाझरी तलावात जलपर्णीने काय केलं ते आपण सगळे पाहून आहोत.

पंपाभोवती पिंजरा करा, त्यात कसूर नको. दोन फूट × दोन फूट × दोन फूट, १२ मिमी भोकांची प्लास्टिकची जाळी. नुसती पंपाची टोपी ठेवली तर ओढ एका जागी जोरात लागते आणि पाय किंवा शेपूट चिकटते. जाळी मोठी झाली की तेच पाणी जास्त जागेतून हळू येतं. वायर जोडण्याआधी ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, पाण्याखालचे जुने दिवे असतील तर त्यांची लाईन बोर्डातच तोडा.

कासव_दवाखाना

पशुवैद्य म्हणून प्राण्यापुरतं लिहितो.

उन्हात बसायची जागा हे चैनीचं काम नाही. कवच पूर्ण वाळलं पाहिजे, नाहीतर बुरशी धरते, आणि उन्हातल्या अतिनील किरणांशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. ४ इंची पीव्हीसी पाईपची ४ × ३ फुटांची चौकट, कोपऱ्यांना एल्बो, सांधे सॉल्व्हंटने बंद. पाईपचा एक मीटर साधारण ८ किलो पेलतो, चौकटीला चार मीटरहून जास्त पाईप लागतो, म्हणजे तीस किलोच्या पुढे. वरच्या फळ्यांचं वजन वजा करूनही तीन कासवं आरामात बसतील. फळ्या बिनपॉलिशच्या, एका बाजूला पाण्यात अर्धा फूट उतरणारी जाळीची उतरंड. थर्माकोल कधीही नको, ते चावून गिळतात आणि आतडं बंद होतं. तराफा दोन्ही बाजूंना दोरीने बांधा आणि भिंतीपासून दोन फूट लांब ठेवा, नाहीतर तिथून काठावर चढतील.

सावली: तळ्याच्या अर्ध्या भागावर ५० टक्क्यांची हिरवी नेट, मार्चपासून पाऊस लागेपर्यंत. तराफ्याचा अर्धा भाग सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत येईल असं बघा. पाणी २४ ते २९ अंश चांगलं, ३२ च्या वर ताण सुरू होतो. थर्मामीटर दोरीला बांधून तीन फूट खाली सोडा, वरचं तापमान मोजून उपयोग नाही.

डिसेंबर-जानेवारीत पाणी १५-१६ अंशांवर आलं तर खाणं बंद करा. थंडीत पचन थांबतं आणि पोटातलं अन्न सडतं. निरोगी मोठ्या कासवाला हीटर लागत नाही. आजारी असेल, डोळे सुजलेले असतील किंवा एका बाजूला कलून तरंगत असेल (न्यूमोनियाचं लक्षण), तर तळ्यात सोडूच नका.

माद्यांचं ऐका. मादी नराशिवायही अंडी धरते, इथे तर नर आहे. जागा मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते आणि त्यातच दगावते. दगडी उतार जिथे काठावर येतो तिथे ४ × ३ फूट, सव्वा फूट खोल वाळू-मातीची ओलसर वाफी करा. घातलेली अंडी त्याच दिवशी काढून गोठवा. हे कठोर वाटेल, पण वर्षाला तीन-चार वेळा दहा-पंधरा अंडी धरली तर ती पिल्लं कुठे ठेवणार? ती तलावात सुटता कामा नयेत. स्लायडर जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत आहे, आपल्या देशी कासवांची उन्हाची जागा आणि अन्न दोन्ही बळकावतं.

म्हणून तळं आणि वाफी मिळून सगळ्याभोवती दीड फूट उंचीची गुळगुळीत पत्र्याची किंवा शीटची आड, जमिनीत अर्धा फूट पुरलेली. कोपऱ्यात वरून आडवी पट्टी आतल्या बाजूला, कारण कोपऱ्यात दोन भिंतींना पाय रोवून ते चढतं. हीच आड मुंगूस आणि कुत्र्यांनाही अडवते, पण तेवढ्यावर विसंबू नका, बाहेरचं चार फुटी कुंपण हवंच.

खाणं: मोठ्यांना मुख्यतः पाला. शेवग्याचा पाला, मेथी, अझोला, किसलेलं गाजर, लाल भोपळा. गोळ्या आठवड्यात दोन-तीनदा, डोक्याच्या आकाराएवढ्याच. समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा. पोळी, भात, फरसाण नाही. मुलाने हात लावला की साबणाने हात धुवायचे, प्रत्येक वेळी. कासवांच्या अंगावर साल्मोनेला असतो.

बेसा_बंगला

खूप खूप आभार सगळ्यांचे. तीन गोष्टी राहिल्या. पहिलं पाणी कुठलं भरू, नळाचं की बोअरचं? कासवं नेमकी कधी सोडू? आणि पावसाळ्यात अंगणात मऊ पाठीचं, पिवळे ठिपके असलेलं एक कासव येतं, यंदाही आलं होतं. पुन्हा आलं तर तेही तळ्यात ठेवू का?

कासव_दवाखाना

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. वर्णनावरून ते इंडियन फ्लॅपशेल आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या परिशिष्टातलं, ते घरी ठेवणं गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. चांदणीच्या नक्षीचं स्टार कासवही तसंच, कोणी भेट दिलं तरी घेऊ नका. फ्लॅपशेल पावसात एका पाण्याकडून दुसऱ्याकडे चालत जातं, बहुतेक वेळा त्याला मदत लागत नाही, वाटेतून कुत्रं बाजूला केलं की पुरे. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर सांगा किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला कळवा. तुमच्या स्लायडरसोबत एक तासही नको, रोग इकडचे तिकडे जातात.

पाणथळ

पहिलं पाणी नळाचं. बोअरचं ९०० टीडीएसचं पाणी भरलं तर उन्हाळ्यात ते उडत जातं आणि क्षार मागे राहतात, दोन महिन्यांत टीडीएस दीड हजारावर. कवचावर पांढरा थर दिसू लागतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट, मत्स्यालयाच्या दुकानात हायपो म्हणून खडे मिळतात. दर हजार लिटरला, दर १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) क्लोरीनमागे ७ ग्रॅम. किटने मोजून ०.५ पीपीएम निघालं तर ३६,००० लिटरला सव्वाशे ग्रॅम. बादलीत विरघळवून पंप चालू असताना टाका.

मे महिन्यात रोज सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर पाणी उडेल, म्हणजे तीनशे ते चारशे लिटर. टॉपअपला बॉल कॉक लावा, एवढ्या पाण्यातल्या क्लोरीनने काही बिघडत नाही. मात्र नुसती भर घालत राहू नका. महिन्यातून एकदा तीन-चार हजार लिटर काढून झाडांना घाला आणि ताजं भरा.

वेळापत्रक साधारण असं बसतं: नोव्हेंबरच्या मध्यावर उपसणं, डिसेंबरच्या मध्यापर्यंत बांधकाम आणि इपॉक्सी, मग पाणी आणि झाडं. जिवाणू बसायला उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत आठ-दहा. चालू मत्स्यालयाच्या फिल्टरमधला स्पंज या पाण्यात पिळला तर लवकर बसतात. तोवर गप्पींना चिमूटभर खाणं देत राहा, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळेल. अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य, पीएच साडेसहा ते साडेआठ, आणि पहाटेचं पाणी २२ अंशांच्या वर, हे जुळलं की सोडा. नागपुरात ते फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा पहिला आठवडा.

फेब्रुवारीत ऊन वाढलं की पाणी एकदा हिरवंगार होणारच. घाबरून मोरचूद टाकू नका, सगळे जिवाणू मरतील आणि पुन्हा पहिल्यापासून. नेट लावा, कर्दळ वाढू द्या, महिन्या-दीड महिन्यात निवळतं. कासवांना हिरव्या पाण्याचा काही त्रास नाही.

आणखी एक. मे-जूनच्या वादळात वीज गेली आणि बारा तासांहून जास्त पंप बंद राहिला, तर लगेच चालू करू नका. गिट्टीतले जिवाणू गुदमरून मेलेले असतात, पोकळीतलं पाणी सडक्या अंड्यासारखं वास मारतं. आधी त्या ४ इंची पाईपमधून ते उपसा, मग पंप. १०० वॅट म्हणजे घरच्या इन्व्हर्टरवरही चालेल.

गिट्टी_मुरूम

ओव्हरफ्लो सांगायचा राहिला, आणि तो भिंत बांधतानाच करावा लागतो. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस झाला, नागनदीचं पाणी घराघरात शिरलं. असा पाऊस झाला की तळं काठोकाठ भरतं आणि कासव आडेवरून पोहत थेट नाल्यात. ठरलेल्या पातळीच्या ३ सेंटीमीटर वर ४ इंची पाईप काढा, पूलच्या जुन्या स्किमरच्या वरच्या जागी सोपं पडेल. तोंडावर सपाट जाळी लावली तर दोन पानांनी बंद होते, म्हणून बादलीएवढी गोल टोपलीसारखी जाळी बसवा. आणि आजूबाजूच्या फरसबंदीचं पाणी तळ्यात येणार नाही असा काठाला बाहेरचा उतार द्या, अंगणातली फवारणी आणि गाडी धुतलेला साबण त्याच पाण्यातून येतो.

बेसा_बंगला

मिस्त्रीला द्यायची यादी केली आहे, नजर टाकाल का? विटा, सिमेंट, वॉटरप्रूफिंग, इपॉक्सी ५ लिटर, कॅरेट ५०, गिट्टी तिन्ही मापांची मिळून पाऊण ब्रास, कॅरेटांवर टाकायला जीआय वेल्डमेश (जस्त चढवलेली लोखंडी जाळी), ४ इंची पाईप ३ लांब्या, २ इंची २ लांब्या, पंप, आरसीसीबी, ५० टक्के नेट ५ × ५ मीटर.

गिट्टी_मुरूम

जीआय वेल्डमेश काढा. त्यावरचं जस्त पाण्यात उतरतं आणि गिट्टीखाली गंजली तर बदलता येत नाही. एचडीपीई प्लास्टिकची जाड जाळी घ्या, १२ ते १५ मिमी भोकांची, आणि भिंतीलगत अर्धा फूट वर दुमडा म्हणजे कडेने गिट्टी खाली सरकणार नाही. यादीत टोपलीची जाळी, बॉल कॉक आणि तराफ्याचे चार एल्बो नाहीत, ते जोडा. इपॉक्सी ५ लिटर भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन हातांत कमी पडू शकतं, डब्यावर दर लिटरमागे किती चौरस मीटर लिहिलंय ते बघून घ्या. दोन्ही बाजू आणि माथा मिळून जवळपास १० चौरस मीटर भरतं. बाकी बरोबर आहे.